‘पॅसिव्ह हाऊस’ चळवळीची चिकित्सा : अर्बाना (इलिनॉय) येथील स्थानिक गटाच्या कार्याच्या संदर्भात

प्रस्तावना

मानवी वसाहतींचा अभ्यास करताना घर या घटकाचा विचार आपण सामान्यतः बांधकामाचे साहित्य, आकार, छपराचा प्रकार आणि स्थाननिवड या अंगांनी करतो. घराला लागणारी ऊर्जा हा विषय मात्र अभियांत्रिकीच्या शाखेकडे सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक घर उबदार वा थंड ठेवण्याचा प्रश्न हा प्रथमतः हवामानाचा, म्हणजेच भूगोलाचा प्रश्न आहे. तो अर्थशास्त्राचा आहे, कारण त्यात आज खर्च करून पुढे बचत करायची असते. आणि तो समाजशास्त्राचाही आहे, कारण कोणत्या कुटुंबाने किती जागेत राहावे याविषयीची काही गृहीतके त्यात दडलेली असतात. ही गृहीतके उघड करून तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील अर्बाना या लहान विद्यापीठीय नगराचे उदाहरण घेतले आहे. मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांनी वेढलेल्या या गावात 2000 नंतरच्या दशकात एका छोट्या गटाने अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या घरांचा प्रचार सुरू केला, स्वतः घरे बांधून दाखविली आणि पुढे देशव्यापी संस्था उभी केली. एखादी कल्पना एका हवामानातून दुसऱ्या हवामानात नेली असता तिचे काय होते, हे या गटाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. आपल्याकडे ‘हरित इमारत’ हा शब्द जाहिरातीत ज्या सहजतेने वापरला जातो ती पाहता, या इतिहासाची चिकित्सा मराठीत होणे आवश्यक वाटते.

नावाविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. ‘पॅसिव्ह हाऊस’ या संज्ञेचा ‘निष्क्रिय घर’ असा अनुवाद काही ठिकाणी आढळतो. तो शब्दशः बरोबर असला तरी मराठी वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे करतो. मूळ अर्थ इतकाच की, स्वतंत्र भट्टी वा मोठी यंत्रणा न वापरता, घराच्या कवचामुळे व रचनेमुळे आतले तापमान आपोआप राखले जाते. म्हणून या लेखात मूळ संज्ञाच ठेवली आहे.

पूर्वपीठिका

1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिका व कॅनडात घरांच्या ऊर्जावापराकडे प्रथमच गांभीर्याने पाहिले गेले. 1976 साली इलिनॉय विद्यापीठाच्या लहान घरांविषयीच्या परिषदेतील वेन शिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लो-कॅल’ नावाचा घराचा आराखडा तयार केला. दुहेरी चौकटीची जाड भिंत, तिच्यात भरपूर उष्णतारोधक द्रव्य आणि दक्षिणेकडे खिडक्या, असे त्याचे स्वरूप होते. हे विद्यापीठ अर्बाना आणि शेजारच्या शँपेन या जुळ्या नगरांतच आहे. पुढल्याच वर्षी, 1977 मध्ये, कॅनडातील रेजायना येथे ‘सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाऊस’ उभे राहिले. हॅरॉल्ड ऑर आदी अभियंत्यांनी त्यात हवाबंदपणा आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळविण्याची यंत्रणा या दोन गोष्टी जोडल्या. उणे तीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या हिवाळ्यात भट्टीशिवाय चालणारे हे घर होते.

त्यानंतर तेल स्वस्त झाले आणि विषय मागे पडला. व्हाइट हाऊसच्या छपरावरील सौरपत्रे 1986 साली उतरविण्यात आली, ही घटना त्या काळाचे प्रतीक म्हणून नेहमी सांगितली जाते. संशोधनाचा धागा युरोपात उचलला गेला. स्वीडनमधील प्राध्यापक बो अडॅमसन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांनी 1988 साली या संकल्पनेची मांडणी केली आणि 1990-91 मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात चार घरांची एक सलग रांग बांधण्यात आली. या घरांना खोल्या तापविण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे 10 किलोवॅट-तास इतकी ऊर्जा लागली. त्या काळच्या सामान्य जर्मन घराच्या मानाने हा खर्च दशांशाच्या आसपास होता. 1996 साली फाइस्ट यांनी डार्मश्टाट येथे संस्था स्थापन केली आणि मानक निश्चित झाले.

मानकातील मुख्य अटी अशा : तापविण्याची वार्षिक गरज दर चौरस मीटरला 15 किलोवॅट-तासांपेक्षा, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 15 युनिटांपेक्षा, अधिक नको, अथवा तापविण्याचा कमाल भार दर चौरस मीटरला 10 वॅटपेक्षा अधिक नको, आणि घराच्या आत-बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक निर्माण केला असता तासाभरात घरातील एकूण हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त हवा फटींतून गळता कामा नये. तिहेरी काचेच्या खिडक्या, औष्णिक सेतू टाळणारी बांधणी आणि उष्णता परत मिळविणारी वायुवीजन यंत्रणा ही त्यासाठीची साधने होत.

10 वॅट हा आकडा कोठून आला?

या आकड्याच्या उगमाकडे चळवळीच्या प्रचारसाहित्यात फारसे लक्ष वेधले जात नाही; पण चिकित्सेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. विचार असा होता : माणसाला ताज्या हवेची गरज असतेच. मग तीच हवा थोडी गरम करून आत सोडली तर वेगळे रेडिएटर, नळ, भट्टी यांचा खर्च वाचेल. दरडोई ताशी 30 घनमीटर हवा पुरते. हवा साधारण 50 अंशांपलीकडे तापविली तर तिच्यातील धूळ करपल्याचा वास येतो. म्हणजे 20 अंशांच्या खोलीत सोडायची हवा फार तर 30 अंशांनी वर नेता येते. एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास 0.33 वॅट-तास लागतात. या तिन्हींचा गुणाकार केला की दरडोई सुमारे 300 वॅट मिळतात. आणि एका माणसाच्या वाट्याला 30 चौरस मीटर जागा आहे असे धरले, की दर चौरस मीटरला 10 वॅट हा आकडा हाती येतो.

येथे भौतिकशास्त्राच्या तीन पायऱ्यांनंतर चौथी पायरी समाजशास्त्राची आहे. 30 चौरस मीटर हा निसर्गाचा नियम नाही. पश्चिम युरोपातील मध्यमवर्गीय घराची ती सरासरी कल्पना आहे. आपल्याकडे 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातील घराचे चटईक्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंत धरलेले होते. म्हणजे डार्मश्टाटच्या गणितात एका व्यक्तीला जेवढी जागा गृहीत आहे, तेवढ्यात आपल्याकडचे संपूर्ण कुटुंब राहावे अशी योजना आहे. यावरून जर्मन मानक चुकीचे ठरत नाही. ते ज्या समाजासाठी केले त्या समाजाचे मोजमाप त्यात शिरले आहे, एवढेच सिद्ध होते. मात्र ते सार्वत्रिक आहे असा दावा केला जातो तेव्हा आक्षेप घ्यावाच लागतो.

अशा 30 चौरस मीटरच्या घरात पाच माणसे राहतात असे धरू. छताची उंची 2.7 मीटर असेल तर घरातील हवा 81 घनमीटर होते. दरडोई 30 घनमीटर या दराने पाच जणांना ताशी 150 घनमीटर हवा लागेल. म्हणजे घरातील सगळी हवा तासातून जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे. अशा घरात फटी बुजवून मिळणारा लाभ दुय्यम ठरतो. ताजी हवा आणायची कशी आणि तिच्यासोबत येणारा उकाडा रोखायचा कसा, हा मुख्य प्रश्न होतो. दाटीवाटीच्या घराचे ऊर्जाशास्त्र ऐसपैस घराच्या ऊर्जाशास्त्राहून मुळातच वेगळे आहे.

अर्बाना येथील कार्य

मूळच्या जर्मन असलेल्या वास्तुविशारद कात्रिन क्लिंगेनबर्ग यांनी 2002-03 मध्ये अर्बाना येथे स्वतःचे घर पॅसिव्ह हाऊसच्या निकषांनुसार बांधले. ‘स्मिथ हाऊस’ या नावाने ओळखले जाणारे हे घर अमेरिकेतील त्या मानकाचे आद्य उदाहरण मानले जाते. बाहेरून पाहता ते अगदी साधे, पेटीसारखे घर आहे. भिंतीची जाडी आणि जमिनीखाली घातलेला उष्णतारोधक थर मात्र स्थानिक सुतारांना चकित करणारा होता. त्यानंतर ‘इकॉलॉजिकल कन्स्ट्रक्शन लॅबोरेटरी’ या नावाने एक छोटी ना-नफा संस्था सुरू झाली आणि नगरपालिकेच्या सहकार्याने अल्प उत्पन्न गटासाठी तशीच घरे बांधण्यात आली. 2006 मध्ये या विषयावरील उत्तर अमेरिकेतील पहिली परिषद भरली आणि 2007 मध्ये क्लिंगेनबर्ग व माइक कर्नागिस यांनी ‘पॅसिव्ह हाऊस इन्स्टिट्यूट यूएस’ ही संस्था स्थापन केली. सल्लागारांचे प्रशिक्षण, घरांचे प्रमाणीकरण आणि ठिकठिकाणच्या स्थानिक गटांशी संपर्क हे तिचे काम झाले.

या कार्यातील दोन गोष्टी नि:संशय प्रशंसनीय आहेत. पहिली अशी की, या गटाने सुरुवात परवडणाऱ्या घरांपासून केली. नवे तंत्र आधी श्रीमंतांच्या बंगल्यात येते आणि मग झिरपत खाली जाते, हा नेहमीचा क्रम त्यांनी निदान काही काळ तरी उलटा केला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घर प्रमाणित करण्यापूर्वी प्रत्यक्ष बांधलेल्या घराच्या दारात पंखा बसवून, आतली हवा ओढून, गळती मोजली जाते. यात आराखड्यातील आश्वासन चालत नाही. सुताराने एखादा सांधा निष्काळजीपणे जोडला असेल तर पंख्याजवळचे मापक ते सांगते. आपल्याकडच्या हरित मानांकनात आराखडा, साहित्याची यादी आणि गुणांची बेरीज यांवर किती भर असतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या साध्या चाचणीतील सचोटी जाणवल्यावाचून राहणार नाही. (एका शैक्षणिक संस्थेच्या नव्या, काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतीत मे महिन्यातील कार्यशाळेला बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. ‘पर्यावरणस्नेही वास्तू’ असा फलक दारातच होता आणि पाच वातानुकूलन यंत्रे चालू असूनही खिडकीजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.)

मतभेद आणि त्याचा अर्थ

2011 साली डार्मश्टाटच्या मूळ संस्थेने अमेरिकन संस्थेशी असलेले संबंध तोडले. प्रमाणपत्र देण्याचे अधिकार आणि निकषांची व्याख्या या दोन्हींवरून वाद होता. वरकरणी हा संस्थात्मक हेवादावा वाटेल आणि काही अंशी तो होताही. परंतु त्यामागे एक खरा शास्त्रीय प्रश्न होता : डार्मश्टाटच्या हवामानासाठी योग्य ठरलेला 15 हा आकडा मिनेसोटाच्या कडाक्याला आणि लुइझियानाच्या दमट उन्हाळ्याला तसाच लावायचा का?

अर्बानातच या प्रश्नाची चाहूल लागली होती. तेथील हिवाळा मध्य जर्मनीपेक्षा तीव्र आहे आणि उन्हाळाही अधिक उष्ण व दमट. तापविण्याची गरज 15 युनिटांवर आणायची तर जमिनीखाली व भिंतीत उष्णतारोधकाची जाडी इतकी वाढवावी लागते की, शेवटच्या काही इंचांतून होणारी बचत त्यांच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. उष्णतारोधकाचा पहिला इंच सर्वाधिक काम करतो, दुसरा त्याहून कमी आणि बारावा अगदीच थोडे, हे उष्णतावहनाच्या साध्या नियमावरून कळते. दुसरे असे की, पॉलिस्टायरीनच्या काही प्रकारांत फेस आणण्यासाठी ज्या वायूचा उपयोग केला जात असे त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक होती. अशा फेसाचा जाड थर देऊन मिळालेली बचत आणि तो थर बनविताना झालेली हानी यांची तोंडमिळवणी व्हायलाच अनेक वर्षे जात. ऊर्जा वाचविण्याच्या उत्साहात साहित्यात साठलेल्या ऊर्जेचा हिशेब राहून गेला, हा या चळवळीवरील आक्षेप मला रास्त वाटतो.

दक्षिणेकडील प्रश्न वेगळाच होता. 2010 च्या सुमारास लुइझियानातील लफायेत येथे वास्तुविशारद कोरी साफ्ट यांनी उष्ण-दमट पट्ट्यात या मानकाचे घर बांधून पाहिले. तापविण्याची गरज तेथे क्षुल्लक होती. अडचण होती ती हवेतील बाष्पाची. घर उत्तम उष्णतारोधक असले की थंड करण्याची गरज कमी होते, वातानुकूलन यंत्र थोडाच वेळ चालते आणि त्यामुळे बाष्प पुरेसे काढले जात नाही. तापमान योग्य, पण अंग चिकट, अशी अवस्था येते. मध्य युरोपात जन्मलेल्या निकषाला बाष्पाचा असा त्रास मुळात ठाऊकच नव्हता.

अमेरिकन संस्थेने 2015 मध्ये स्वतःचे नवे मानक जाहीर केले. त्यात शेकडो ठिकाणांसाठी हवामानानुसार वेगवेगळ्या मर्यादा ठरविल्या गेल्या, त्याही ‘किती खर्चापर्यंत बचत परवडते’ याचा हिशेब करून. भूगोलाच्या अध्यापकाला या बदलाचे स्वागत करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यात काही गमावले गेले हेही मान्य केले पाहिजे. 15 हा एकच आकडा सुताराला, नगरसेवकाला आणि घरमालकाला लक्षात ठेवता येत होता. ठिकाणानुसार बदलणारा, संगणकातून निघणारा आकडा तज्ज्ञाच्या हातात गेला. आणि परवडण्याचा हिशेब ज्या इंधनदरावर केला तो दर बदलला की मानकही बदलावे लागणार. युरोपीय पक्षाचा हट्ट केवळ अहंकाराचा नव्हता, त्यामागे साधेपणाचा आग्रह होता, असे म्हणावयास जागा आहे. माझे मत विचाराल तर आशयाच्या बाजूने अर्बानाचा गट बरोबर होता; पण प्रचाराच्या दृष्टीने डार्मश्टाटचा.

लहान घरावरील अन्याय

नव्या मानकातील आणखी एक दुरुस्ती फारशी चर्चिली गेली नाही. मला ती हवामानाच्या दुरुस्तीइतकीच मोलाची वाटते. मूळ मानक ऊर्जेची मर्यादा दर चौरस मीटरला ठरविते. याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच असे एक एकमजली घर घ्या. त्याचे क्षेत्रफळ 36 चौरस मीटर. छत, जमीन व चार भिंती मिळून बाह्य पृष्ठभाग 144 चौरस मीटर. म्हणजे क्षेत्रफळाच्या चौपट. आता 12 मीटर लांबी-रुंदीचे, तेवढ्याच उंचीचे घर घ्या. क्षेत्रफळ 144, पृष्ठभाग 432, म्हणजे तिप्पट. उष्णता पृष्ठभागातून जाते, मर्यादा मात्र क्षेत्रफळावर बेतलेली. म्हणून तीच अट पाळण्यासाठी लहान घराला सुमारे तृतीयांश अधिक चांगले कवच लागते. आणि शेवटी एकूण वापर? लहान घराला वर्षाला 540 युनिटांची मुभा, मोठ्या घराला 2,160 युनिटांची. चौपट ऊर्जा वापरणारे घर प्रमाणपत्र मिळवील आणि थोड्याशा कमी जाडीच्या भिंतीचे लहान घर नापास होईल.

2015 च्या मानकाने एकूण प्राथमिक ऊर्जेची मर्यादा क्षेत्रफळाऐवजी माणसांवर बेतली : दरडोई वर्षाला 6,200 किलोवॅट-तास. हवागळतीचे मापही घराच्या घनफळाऐवजी बाह्य पृष्ठभागाशी जोडले. ऊर्जा कोण वापरतो, भिंत की माणूस, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलले. तापविणे-थंड करणे यांच्या मर्यादा बऱ्याच अंशी क्षेत्रफळाशीच बांधलेल्या राहिल्या, हे खरे; पण दिशा योग्य होती.

याला जोडूनच वर्गाचा प्रश्न येतो. अर्बानाने आरंभ परवडणाऱ्या घरांपासून केला असला, तरी अमेरिकेत हे तंत्र पुढे वैयक्तिक मालकीच्या, प्रशस्त घरांच्या वाटेनेही बरेच पसरले. स्थानिक गटांच्या घरभेटींत घरमालक स्वतःच्या तिहेरी काचा अभिमानाने दाखवितो, तेव्हा त्यात निष्ठा किती आणि प्रतिष्ठा किती हे सांगणे अवघड असते. याउलट जेथे सार्वजनिक संस्था स्वतः बांधकाम करविते तेथे चित्र निराळे आहे. ऑस्ट्रियातील फोरार्लबर्ग प्रांताने 2007 पासून सामाजिक घरबांधणीसाठी हे मानक लागू केले. ब्रुसेल्सने 2015 पासून सर्वच नव्या इमारतींसाठी त्यावर आधारित नियम आणले. इंग्लंडमधील नॉरिच शहराच्या कौन्सिलने बांधलेल्या गोल्डस्मिथ स्ट्रीट या भाड्याच्या घरांच्या वसाहतीला 2019 साली स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. तेथील रहिवाशांना घर तापविण्याचा खर्च अत्यल्प येतो. यावरून असे दिसते की, तंत्र महाग आहे की नाही हे तंत्रावर कमी आणि ग्राहक कोण आहे यावर अधिक अवलंबून असते. रांगेत शंभर घरे बांधणाऱ्या नगरपालिकेचे गणित, एकट्याने बंगला बांधणाऱ्याच्या गणिताहून वेगळेच असणार.

आपल्या हवामानात

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी विदर्भातील ग्रामीण घरांच्या प्रकारांचा अभ्यास केला होता. मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे, कवेलूची घरे आणि माळ्याची रचना मागे पडून टिनपत्रे व काँक्रीटचा स्लॅब कसा आला, हा त्याचा विषय. त्या वेळी साहित्य, किंमत, जात व व्यवसाय या सर्वांची नोंद केली; घरातले तापमान मात्र एकदाही मोजले नाही. मार्गदर्शकांनी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. आज ती उणीव बोचते.

पॅसिव्ह हाऊसचे तत्त्व जसेच्या तसे येथे आणता येणार नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपला कूलर. अकोला-नागपूरकडे उन्हाळ्यात तापमान 45 अंशांच्या वर जाते तेव्हा कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देणारे हे स्वस्त साधन बहुसंख्य कुटुंबांचा आधार असते. पूर्वी हेच काम दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या करीत. पण कूलर चालतो तो खिडकी उघडी असेल तरच; आत आलेली ओली हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही तर खोली उबट व दमट होते. म्हणजे अल्प विजेत गारवा देणारे आपले साधन आणि हवाबंद घर ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हवाबंद घर निवडायचे तर वातानुकूलन यंत्र आलेच. शिवाय 2000 नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले आहे. परिस्थिती सुधारली असली तरी, पंखा बंद पडताच गुदमरणारे घर बांधताना ते दिवस विसरून चालणार नाही.

आपल्या देशातील तज्ज्ञांना हा भेद ठाऊक आहे. 2018 साली जाहीर झालेल्या ‘इको-निवास संहिते’च्या पहिल्या भागात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट ठेवली गेली. आकडा 15 च असला तरी डार्मश्टाटच्या 15 शी त्याचा काही संबंध नाही, एककच वेगळे. महत्त्वाचे हे की, तिच्यात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही सांगितले : उष्ण-कोरड्या प्रदेशात चटईक्षेत्राच्या 10 टक्के, उष्ण-दमट प्रदेशात सुमारे साडेसोळा टक्के. खिडकी ही गळतीची जागा नसून घराचा एक अवयव आहे, हे भारतीय वास्तव तिने स्वीकारले. परंतु ही संहिता 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आखली गेली. तालुक्याच्या गावी दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर मिस्त्रीच्या सल्ल्याने उभे राहणारे घर तिच्या कक्षेत आलेच नाही. आणि आपल्याकडील घरे मोठ्या संख्येने अशीच आहेत.

अशा घरात उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते. संहितेने छपरासाठी ठरविलेली मर्यादा साध्या, उघड्या काँक्रीट स्लॅबला पाळता येत नाही. त्यावर उष्णतारोधक थर हवाच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. मी राहतो त्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, मे महिन्यात रात्री अकरा वाजता पलंगावर उभे राहून छताला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो. छतावर चुन्याचा पांढरा हात देणे, फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर घालणे, हे उपाय ठाऊक आहेत. घरमालकाला त्यात रस नाही, कारण वीजबिल भाडेकरू भरतो. गुंतवणूक एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, ही अडचण अर्बानातही आहे आणि कोणत्याही भिंतीच्या जाडीने ती सुटत नाही.

अर्बानाच्या गटाकडून घेण्यासारखे आहे ते मोजण्याचे वेड. त्यांच्याकडे दारात बसवायचा पंखा होता. आपल्याला सुरुवातीला दोन तापमापक पुरे. भूगोल, भौतिकशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र या तीन विभागांनी मिळून परिसरातील दहा घरे निवडावीत : दोन धाब्याची, दोन कवेलूची, दोन टिनाची, दोन उघड्या स्लॅबची आणि दोन चुना दिलेल्या स्लॅबची. मार्चपासून जूनपर्यंत पहाटे, दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा वाजता आतले-बाहेरचे तापमान विद्यार्थ्यांनी नोंदवावे, कूलर चालू होता की बंद, खिडकी उघडी होती की लावलेली, हेही लिहावे. प्रयोगवहीच्या स्तंभांचा आराखडा तयार आहे. कोणत्याही महाविद्यालयाला हवा असल्यास तो पाठविता येईल.